मुलाला ‘विरोधकाची’ भूमिका मिळाली आहे, ती बदलून घेऊ नका

वडोदऱ्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा मुलगा आठवीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी. २६ नोव्हेंबरला संविधान दिनानिमित्त शाळेत संविधान सभेचा छोटा प्रवेश बसवला आहे आणि मुलाच्या वाट्याला ह. वि. कामत आले आहेत. त्याला एकच वाक्य दिलं आहे, “मी या कलमाला विरोध करतो!” ते म्हटल्यावर बाकीच्या मुलांनी “हूऽऽ” करायचं, असं ठरलं आहे. मुलगा घरी येऊन रडला. आजोबांच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर आहे. ते म्हणाले, “माझा नातू बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहणार? शाळेला दुसरे उद्योग नाहीत का?” ताईंचा प्रश्न असा की भूमिका बदलून मागावी का, आणि नाही मागितली तर मुलाला समजवायचं कसं.

ताई, भूमिका बदलू नका. ते “हूऽऽ” मात्र बदलून घ्या, आणि त्यासाठी उद्याच वर्गशिक्षकांना भेटा. मी सव्वीस वर्षं याच शहरात सहावी ते दहावीला सामाजिक विज्ञान शिकवलं आहे. असे प्रवेश कितीतरी बसवले, त्यातले काही फसलेही. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या मुलाला भूमिका चुकीची मिळालेली नाही. ती त्याच्या हातात अर्धवट दिली आहे. विरोध दिला, विरोधाचं कारण दिलं नाही. कारण माहीत नसताना तेरा वर्षांच्या मुलाला शंभर जणांसमोर “मी विरोध करतो” म्हणायला लावलं तर तो रडणारच. तो समजूतदार आहे म्हणून रडला.

आधी त्याच्या मनातली गाठ सोडवा. कामत संविधानाच्या विरोधात नव्हते. संविधान सभेचे ते सभासद होते, मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेले. त्याआधी आयसीएसची नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले होते. ९ डिसेंबर १९४६ ला सभेची पहिली बैठक झाली आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं. त्या जवळजवळ तीन वर्षांत मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभेत मांडल्या गेल्या. हा आकडा मुलाला सांगा, आणि घरात साधं दिवाळीच्या फराळाचं ठरवतानासुद्धा किती दुरुस्त्या येतात हेही आठवून द्या. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे कोणीतरी उठून म्हटलं होतं, “हे वाक्य असं नको, तसं हवं.” संविधान असंच लिहिलं गेलं.

आता कामतांचं कारण. शाळेने कोणतं कलम धरलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक वेळा आणीबाणीचंच असतं, म्हणून तेच घेते. आज जे ३५९ वं कलम आहे त्यावर २० ऑगस्ट १९४९ ला चर्चा झाली. आणीबाणी जाहीर झाल्यावर मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा नागरिकाचा अधिकार राष्ट्रपती थांबवू शकतील, असं ते कलम. कामतांना हे सहन होईना. जर्मनीच्या वायमार संविधानातल्या अशाच तरतुदी वापरून हिटलरने ते संविधान मोडलं, याची त्यांनी सभेला आठवण करून दिली. कलम मंजूर झालं तेव्हा ते उद्वेगाने म्हणाले की हा दुःखाचा आणि शरमेचा दिवस आहे, देव या देशाच्या लोकांना तारो.

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच मनापासून सांगायला हवी. फाळणीला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या, काश्मीरमधलं युद्ध नुकतंच थांबलं होतं, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता. देश उभा राहतो की नाही अशी स्थिती होती. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारखा कायद्याचा मोठा जाणकार म्हणाला की मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या इंग्लंडच्या जुन्या सनदेची, तत्त्वं हातात घेऊन युद्ध लढता येत नाही. हे म्हणणारा माणूस हुकूमशहा नव्हता. घर जळत असताना आधी पाणी आणावं, दाराचं कुलूप मागाहून बघू, असं त्याला वाटत होतं. आणि कामतांना वाटत होतं की पाणी आणायच्या निमित्ताने आत शिरलेला माणूस घरातच ठाण मांडून बसेल.

मुलाला या दोन भीती कळल्या की त्याचं ते एक वाक्य आपोआप जड होतं. मी वर्गात नेहमी हेच विचारते, हा माणूस कशाला घाबरत होता? मत विचारलं की मुलं घोषणा देतात. भीती विचारली की विचार करतात, कारण भीती त्यांना स्वतःलाही माहीत असते.

आठवीतल्या मुलाला पुढची गोष्टही सांगावी, कारण ती खरी आहे. १९७५ मध्ये आणीबाणी आली. याच ३५९ व्या कलमाखाली कोर्टाचं दार बंद झालं. १९७६ मध्ये जबलपूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ते मान्य केलं. एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना विरोधात राहिले. मग १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने २० आणि २१ या कलमांतले हक्क, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्कसुद्धा, आणीबाणीतही थांबवता येणार नाहीत असं ठरलं. १९४९ मध्ये हरलेलं म्हणणं एकोणतीस वर्षांनी संविधानात जाऊन बसलं. हे ऐकल्यावर मुलं गप्प होतात, मी पाहिलं आहे. मात्र एक सांभाळा, “म्हणजे कामत बरोबर आणि बाकीचे चूक” असं म्हणून गोष्ट संपवू नका. आणीबाणीची तरतूद संविधानात आजही आहे. युद्धाच्या काळात देशाला तिची गरज लागली आहे.

काही वेळा विरोधाचा परिणाम लगेच दिसला. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याबद्दल फार कठोर शब्द वापरले. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं, असा त्यांचा रोख होता. गांधीजींना जाऊन वर्षही झालं नव्हतं. सभेत नाराजी उसळली, आणि ही शहरी पंडिताची वृत्ती आहे असं कामतांनीच सुनावलं. खेड्यातल्या विहिरीपासून, देवळापासून कोणाला लांब ठेवलं जात होतं हे ज्याने सोसलं तो माणूस बोलत होता. समोर ज्यांनी खेड्यांत चळवळ उभी केली ते बसले होते. दोघांचंही खेडं खरंच होतं. पण २२ नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती मांडली तेव्हा बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारतो असं सांगितलं, आणि विषय मिटला. आजचं ४० वं कलम ते. तुमच्या सासरच्या किंवा माहेरच्या गावात ग्रामपंचायतीचं कार्यालय असेलच. सुट्टीत गेलात की मुलाला तिथे उभं करून हे सांगा.

वर्गातला एक तास मला विसरता येत नाही, तो इथे लिहिते. विषय होता दारूबंदी. २४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यावर वाद झाला, आणि राज्याने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा, असं आजचं ४७ वं कलम त्यातून आलं. गुजरातेत वाढलेल्या मुलांना दारूबंदी हवेसारखी असते, कोणी ती ठरवली असेल असं त्यांना वाटतच नाही. मी विचारलं, “बंदी हवी असं कोणाला वाटतं?” नववीच्या वर्गातले सगळे हात वर. विरोधात एकही नाही. मग मी जयपालसिंगांची ओळख करून दिली. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार, छोटा नागपूरचे मुंडा आदिवासी. हॉकी म्हटल्यावर मागची बाकंही जागी झाली. मग त्यांचं म्हणणं वाचलं. आदिवासींच्या पूजेत तांदळाची दारू लागते, ती त्यांच्या धर्माचा भाग आहे, बंगालात संथाळांना ती मिळाली नाही तर भाताची लावणीच होणार नाही. देशातल्या सगळ्यात जुन्या लोकांचा रिवाज तुम्ही त्यांना न विचारता गुन्हा ठरवताय का, असा त्यांचा सवाल होता.

शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. घर मूळचं छोटा उदेपूरकडचं, वडील इथे कारखान्यात. तीन वर्षांत वर्गात आपणहून एक शब्द बोलला नव्हता. तो बसूनच म्हणाला, “मॅडम, आमच्यात देवाला महुडो चढवतात.” महुडो म्हणजे मोहाची दारू. कोणी हसलं नाही. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “तरी बंदीच हवी.” एवढंच, आणि बसली. तिच्या घरी काय होतं ते मला ठाऊक होतं, वर्गाला नव्हतं. मी तिला “का?” विचारलं नाही. मुलांनीही विचारलं नाही.

त्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचं उत्तर सांगितलं. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, राज्यावर सक्ती नाही, आणि अनुसूचित क्षेत्रांत आदिवासींच्या सल्लागार परिषदांना विचारायची सोय मसुद्यातच आहे, असं ते होतं. म्हणजे जयपालसिंगांची काळजी खोडून काढली नव्हती, ती कुठल्या कप्प्यात ठेवली आहे ते दाखवलं होतं. मुलांना हा फरक कळला, कारण आदल्या दिवशी त्यांनी दोन माणसं पाहिली होती.

आता माझी चूक. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वक्तृत्वाच्या उत्साहात प्रत्येक कलमाला पक्ष-विपक्ष करून टाकलं. अस्पृश्यता नष्ट करणारं १७ वं कलमही. चिठ्ठ्या टाकल्या, आणि एका मुलीच्या वाट्याला विपक्ष आला. ती फळ्यापाशी आली, चिठ्ठी हातात धरून उभी राहिली, घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली, आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसली. तिचं घर कोणत्या समाजाचं हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं असंही नाही. मुळात ती चिठ्ठी कोणाच्याच हातात जायला नको होती. माणूस माणसासारखा वागवला जावा की नाही, याला दोन बाजू नसतात.

नंतर मी मूळ चर्चा वाचली तेव्हा अधिकच वाईट वाटलं. २९ नोव्हेंबर १९४८ ला हे कलम आलं तेव्हा सभेत त्याच्या विरोधात कोणी बोललंच नव्हतं. नझीरुद्दीन अहमद आणि के. टी. शहा यांच्या शंका शब्दांबद्दल होत्या. अस्पृश्यता म्हणजे नेमकं काय याची व्याख्या नाही, उद्या कोणी याचा भलताच अर्थ लावेल, ही त्यांची हरकत. वर्गात चर्चा करायचीच तर ती याची. मुलं त्यात रमतातही, व्याख्या करून बघतात आणि आपली व्याख्या कुठे गळते ते शोधतात. आणि वडोदऱ्यात हे शिकवताना कमाटीबागेचा उल्लेख टाळता येत नाही. १९१७ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेला तरुण अधिकारी याच शहरात राहायला जागा शोधत फिरला. पारशी धर्मशाळेतून हाकलला गेला आणि त्या बागेत झाडाखाली बसून राहिला. मी मुलांना त्याच आठवणीच्या जागी, संकल्पभूमीवर घेऊन जाते. तिथे मी भाषण करत नाही.

म्हणून ताई, शाळेत कोणाला कुठलं कलम दिलं आहे तेही बघून घ्या. तुमच्या मुलाचं ठीक आहे. पण एखाद्या मुलाला स्वतःच्याच माणूसपणाविरुद्ध बोलायची पाळी आली असेल, तर तिथे पालक म्हणून बोला, तुमचं मूल नसलं तरी.

मुलींना मी हमखास हंसा मेहतांचं उदाहरण देते, कारण त्यांच्या नावाची लायब्ररी आपल्या विद्यापीठाच्या आवारात आहे आणि अर्ध्या मुलांचे दादा-ताई तिथे अभ्यासाला बसतात. त्या संविधान सभेत होत्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असे शब्द आले, ते त्यांच्या आग्रहाने. या हंसाबेननी १९ डिसेंबर १९४६ ला सभेत सांगितलं की आम्ही स्त्रियांनी राखीव जागा मागितलेल्या नाहीत, आम्हाला सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे. २०२३ मध्ये मात्र लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती झाली. मुली विचारतात, “मग त्यांचं चुकलं का?” मी हा प्रश्न त्यांच्याकडेच ठेवते. दरवर्षी वेगळं उत्तर येतं.

“मॅडम, तुमचं मत काय?” हाही प्रश्न येतो. काही शिक्षक म्हणतात, आपण मत सांगूच नये. मला ते पटत नाही. मत लपवणारा मोठा माणूस मुलांना लबाड वाटतो. पण तासाच्या सुरुवातीला सांगितलं की अर्धा वर्ग त्याच बाजूला सरकतो. मी शेवटच्या पाच मिनिटांत सांगते, आणि मला समोरच्यातलं काय पटलं तेही सांगते. तुम्ही घरी हेच करा. आजोबांनाही करू द्या.

आता तयारी. कामतांचं मूळ भाषण लोकसभेच्या संकेतस्थळावर इंग्रजीत आहे. सगळं देऊ नका, अर्धं पान पुरे. मुलाला ते मराठीत, त्याच्या बोलीत म्हणायला सांगा. पाठांतर नको. मग तुम्ही किंवा बाबांनी कृष्णस्वामी अय्यर व्हायचं आणि मुलाने तुमची बाजू तुम्हाला सांगून दाखवायची. तुम्ही “हो, मला हेच म्हणायचं होतं” असं म्हणेपर्यंत त्याने आपला विरोध सुरू करायचा नाही. वर्गात मी हा नियम फार कडक पाळते. पहिल्या दिवशी मुलं चिडतात. “पण मॅडम, ते चुकीचं आहे तर मी कशाला सांगू?” तिसऱ्या दिवशी त्यांचे आवाज खाली येतात, कारण समोरच्याचं नीट सांगून झाल्यावर ओरडावंसं वाटत नाही.

शाळेला विनंती करताना तक्रारीच्या सुरात जाऊ नका. एका वाक्याऐवजी चार वाक्यं द्या, आणि “हूऽऽ”च्या जागी मतदान घ्या, एवढंच सुचवा. मुलांना मतदान आवडतं. त्यांना १७ ऑक्टोबर १९४९ ची गोष्ट सांगता येईल. उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी ही दुरुस्तीही कामतांचीच. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठून म्हणाले की आम्ही कामाख्येचे भक्त, मग ‘देवीच्या नावाने’ म्हणा. पूर्णिमा बॅनर्जींनी कळकळीने विनवलं की देवाला मताला टाकू नका. हृदयनाथ कुंझरूंचा आक्षेप होता की श्रद्धेचं स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेतच श्रद्धेची सक्ती कशी करता. हात वर झाले, ४१ बाजूने आणि ६८ विरोधात. दुरुस्ती पडली आणि कामत पुढच्या कामाला लागले. आणि संविधानाच्या तिसऱ्या परिशिष्टातली शपथ बघा, ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असे दोन्ही पर्याय तिथे शेजारी शेजारी छापलेले आहेत.

राहिले आजोबा. त्यांचा राग प्रेमातून आलेला आहे, त्याला हात लावू नका. संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, बाबासाहेबांनी जे शेवटचं मोठं भाषण केलं, त्यातला एक परिच्छेद काढून ठेवा. तिथे ते म्हणतात की सगळे सभासद पक्षाच्या शिस्तीपुढे मान तुकवून बसले असते तर या सभेचं कामकाज रटाळ झालं असतं, सुदैवाने काही बंडखोर होते. त्यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असं सांगून ते त्यांचे ऋण मानतात, आणि एकेकाचं नाव घेतात. पंजाबराव देशमुख आहेत, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, के. टी. शहा, कुंझरू आहेत. प्रवेशाच्या आदल्या संध्याकाळी हा परिच्छेद नातवाला आजोबांपुढे मोठ्याने वाचायला सांगा. बंडखोरांच्या त्या यादीत पहिलं नाव कामतांचं आहे. तिथे त्याला घाईने पुढे जाऊ देऊ नका.